वह्या वर धरा

युवक मंडळाच्या सचिवानं माझी वही हातात घेतली, उलटीपालटी केली आणि माईकवरच विचारलं, "ह्या वहीवरचे दादा कुटं गेले?"

सगळी शाळा हसली. मीही हसले. मला वाटलं, गंमत चालली आहे.

मी तेव्हा दहावीला होते. आमच्या गावच्या युवक मंडळानं जूनमध्ये सगळ्या पोरांना पाच-पाच वह्या वाटल्या होत्या. वहीच्या पुठ्ठ्यावर मंडळाच्या अध्यक्षाचा, म्हणजे दादांचा, फोटो. गॉगल, कपाळाला टिळा, हात जोडलेले. मागच्या बाजूला पाढे. दसऱ्याच्या तोंडावर माजलगावहून एक मोठे पाहुणे मंडळाचं काम बघायला आले. शाळेच्या पटांगणात मंडप घातला. पाहुण्यांबरोबर आमचा फोटो काढायचा होता. "वह्या वर धरा," असं फर्मान सुटलं. शंभरेक हात वर गेले. जिकडंतिकडं दादा हात जोडून उभे, आणि मधेच माझ्या वहीवर कापसाच्या बियाण्याची जाहिरात.

मी वहीला पेपरचं कव्हर घातलं होतं. एवढाच माझा गुन्हा. आमचं घर पत्र्याचं, एका खोलीचं. चुलीचा धूर तिथंच, धाकट्या भावाचे तेलकट हातही तिथंच. नवी वही घरी आली की आई स्वतःला वाचता येत नसूनही पहिलं विचारायची, कव्हर घातलं का. मी पिठाची खळ करून पाचही वह्यांना पेपर चिकटवला होता. वर्षभर पुरवायच्या होत्या त्या.

"फाड ते," सचिव म्हणाला.

मी फाडलं नाही, हळूहळू सोडवायला लागले. खळ पक्की बसली होती. पेपरबरोबर दादांच्या गालाचा तुकडाही निघून आला.

आता कुणी हसेना.

"कुनी शिकवलं गं तुला? दादांच्या इरोधातल्या गटाचं कोन येतंय तुमच्या घरी?"

"कुनी न्हाई. वही मळू नये म्हणून घातलंय."

"आसं? दादांच्या फोटूनं वही मळती व्हय?"

मी आमच्या सरांकडं बघितलं. कव्हर घाला म्हणून वर्गात तेच सांगायचे. सर स्वतःच्या बुटांकडं बघत होते.

"हिच्या बापाला बोलवा," सचिव म्हणाला.

माझे वडील मंडपातच होते. गर्दी दिसावी म्हणून आमच्या अख्ख्या वस्तीलाच बोलावलं होतं. आबा धुतलेला सदरा घालून शेवटच्या रांगेत बसले होते. ते पुढं आले तेच हात जोडून. काय झालं हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे मंडळ म्हणजे नुसतं बॅनर लावणाऱ्यांची टोळी नव्हतं. उन्हाळ्यात आमच्या वस्तीवर पाण्याचा टँकर यायचा तो त्यांच्यामुळं. धाकट्याच्या बाळंतपणात आईला रक्त लागलं तेव्हा मंडळाची दोन पोरं मोटारसायकलवर बीडला गेली आणि रक्त देऊन आली. आमच्यातले निम्मे लोक दिवाळीआधीच ऊसतोडीला जातात. मागं राहणाऱ्या पोरींसाठी मंडळानं आपला हॉल उघडला होता. तिथं झोपायची सोय, दोन वेळचं जेवण, संध्याकाळी कॉलेजातली पोरं येऊन शिकवायची. त्या वर्षी हॉलच्या यादीत माझं नाव होतं. हॉल मिळाला तर दहावी, नाहीतर आईबापाबरोबर उसाचा फड. आणि आमच्याकडं फडात गेलेल्या पोरीचं लग्न लांबत नाही. मुकादमाला नवरा-बायकोची जोडी लागते. दोघांचा मिळून एक कोयता धरतात.

हे सगळं आबांना माहीत होतं. म्हणून ते हात जोडून आले.

"लेकराची चूक झाली, दादा. नादान हाय," आबा म्हणाले.

अध्यक्ष खुर्चीत बसले होते. वय असेल सव्वीस-सत्तावीस. माणूस दुष्ट नव्हता. "जाऊ द्या हो," असं एकदा म्हणालेसुद्धा. पण मोबाइलमधून मान वर न करता. पोरांनी ते ऐकल्यासारखं केलं नाही आणि त्यांनीही परत सांगितलं नाही.

"नुसतं चूक झाली म्हनून कसं चालंल? दादांच्या पाया पडा दोघंबी. पाव्हण्यांसमोर."

आबा खाली वाकायला लागले. त्यांची कंबर धरते, लवकर वाकता येत नाही. त्यांनी एक गुडघा टेकला. अध्यक्षांनी ते बघितलं, आणि आबांना सोपं जावं म्हणून बूट जरासा पुढं सरकवला.

तो बूट मी बघितला. पांढरा होता, नवाकोरा.

इतकी वर्षं पाणी दिलं, रक्त दिलं, वह्या दिल्या, ते सगळं त्या बुटाबरोबर पुढं आलं होतं. मी आबांचा दंड धरला.

"आबा, उठा."

"गप ऱ्हा. तूबी वाक."

"उठा म्हणते ना. आपली चूक झालेली न्हाई. मी पाया पडणार न्हाई, तुमीबी पडू नका."

मी दप्तरातून उरलेल्या चार वह्या काढल्या. निम्म्या लिहून झाल्या होत्या. फाटकी वही त्यांच्यावर ठेवली आणि पाचही पाहुण्यांच्या टेबलावर ठेवून दिल्या, हारांच्या शेजारी. टाळ्या वाजल्या नाहीत. कुणी माझ्या बाजूनं उठलं नाही. वस्तीतल्या बाया पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

घराच्या दारात आल्यावर आबांनी मला एक ठेवून दिली. पहिल्यांदा. मग तेच खाली बसले आणि म्हणाले, "त्यांच्या पोरांचं रगत तुज्या आईच्या अंगात हाय. तुला वाकायला काय झालतं?"

दोन दिवसांनी हॉलची पक्की यादी लागली. माझं नाव नव्हतं. कुणी काढलं म्हणून विचारायला गेले तर सगळे एकमेकांकडं बोट दाखवत होते. दसऱ्यानंतर मी ट्रकमध्ये बसले.

फडात मी मोळ्या बांधल्या, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा केले, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढले. उसाच्या पात्यानं हात चिरायचे. महिन्याभरात मुकादमानं स्थळ आणलं. आमच्याच टोळीतला एकटा पोरगा. आबा म्हणाले, "शाळा गेली, हॉल गेला. आता तुला कुटं ठिवू?"

खरं सांगते, त्या दिवशी मला पश्चात्ताप झाला. वाकले असते तर काय बिघडलं असतं, असं शंभरदा मनात आलं. गावाकडं जावं, अध्यक्षांचे पाय धरावेत, रडून हॉल मागावा, असं मी ठरवूनसुद्धा टाकलं होतं. दुपारी भाकरी घेऊन गेले तर आबा ऊस तोडत होते. कमरेत वाकलेले, घामानं भिजलेले, बुडख्यावर एका घावात कोयता. हा माणूस पहाटेपासून वाकतो. त्या वाकण्यातून आम्ही जेवतो. त्याची मला कधी लाज वाटली नाही. त्याला बुटापुढं गुडघा टेकताना बघून मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी भाकरीचं फडकं खाली ठेवलं.

"आबा, मी लगीन करणार न्हाई. अन् पाया पडायलाबी जाणार न्हाई."

"मग काय करनार?"

"दहावी."

"कुनाच्या जिवावर?" त्यांनी विचारलं आणि परत तोडायला लागले.

मी पुढच्या वर्षी बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरला. निकाल लागला तेव्हा सगळे विषय सुटले, गणित तेवढं राहिलं. माझ्या बरोबरच्या हॉलमधल्या पोरी आज बारावीला आहेत. त्यांचा मला हेवा वाटतो, रोज वाटतो. सचिवाचा निरोप एकदा आला होता: येऊन दादांना भेटून जा, मागचं विसरू. आई म्हणाली, जा. मी गेले नाही. आबा अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. स्थळं येतातच आहेत.

गणिताला मी परत बसणार. राहिलं तर परत. कुणी शिकवायला आलं तर त्याच्यासमोर मांडी घालून बसेन, जन्मभर उपकार मानेन, वेळ पडली तर त्याच्या माणसाला माझं रक्त देईन. पण माझ्या बापाला गुडघे टेकायला लावून कुणी अख्खी शाळा जरी दिली, तरी तिची पायरी मी चढणार नाही.