टेप लावून पाहिलेला आशिया खंड

आशिया खंडात आवर्जून पाहावीत अशी ठिकाणं कोणती, असं वाचक मला विचारतात. व्हिसा न काढता, विमानात न बसता आणि नगर जिल्ह्याची हद्द न ओलांडता मी तीन ठिकाणं पाहून आलो. तिन्ही ठिकाणी पाटीवर ऑइलपेंटनं 'आशिया खंडातील सर्वात' असं लिहिलेलं आहे आणि खाली माझं नाव आहे. पाट्या माझ्याच भाषणांतून निघाल्या, ही कबुली आधी देतो. ठिकाणांचं मग सांगतो.

मी बोलतो. तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला आणि त्याच्या दुप्पट बोललो. व्यायामशाळा, वजनकाटा, पाण्याची टाकी, काहीही उघडायचं असलं की मला बोलावतात. माणसानं स्वतःला लहान समजू नये, ही माझी श्रद्धा आहे. गुलामी आधी जिभेवर येते, मग मानेत उतरते. म्हणून मी ज्या गावात उभा राहतो तिथल्या वस्तूला मोठेपण देतो. आता मोठेपण द्यायचं कसं? तालुक्यात पहिलं म्हटलं तर शेजारचा तालुका हसतो. महाराष्ट्रात म्हटलं तर पुण्याचा पाहुणा हसतो. जगात म्हटलं तर शाळेतली पोरं मोबाईल काढतात. आशिया खंडात म्हटलं की कोणी हसत नाही, कारण आशिया खंड कोणी पाहिलेला नसतो.

पाहिलेला माणूस आमच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून आला आणि घोळ झाला.

त्याचं नाव मिन्ह. व्हिएतनामचा. नागापूर एमआयडीसीत एका कारखान्यात नवी मशिनं आली, त्यांच्याबरोबर हा आला, मालाची तपासणी करायला. मराठी शिकला ते शॉपफ्लोअरवर, कामगारांकडून, त्यामुळे त्याचं मराठी माझ्यापेक्षा अस्सल आहे. दुपारी जेवताना त्यानं मोबाईलमधले तीन फोटो दाखवले. कारखान्यातल्या पोरांनी आपापल्या गावच्या पाट्या पाठवल्या होत्या.

"सर, माझं घर पन आशियात हाय," मिन्ह म्हणाला. "ह्ये कुनी मोजलं?"

"ते मोजायचं नसतं," मी म्हणालो. "ते म्हणायचं असतं."

सुनंदा, माझी बायको, आमटी वाढता वाढता थांबली. "सोमवारी तुमच्या गावी सभामंडपाचं उद्घाटन आहे. तिथेही हेच म्हणणार?"

"अर्थात."

"मग आधी हे तीन मोजून या. तिन्हीतलं एक जरी खरं निघालं तर सोमवारी खुशाल बोला. नाही निघालं तर माईक दुसऱ्याच्या हातात द्या. कायमचा."

"वैनी पॉइंटाचं बोलल्या," मिन्ह म्हणाला.

मी ताटावर हात ठेवून शब्द दिला. तीन दिवसांची जोडून सुट्टी होती. शुक्रवारी सकाळी सात वाजता आमची जुनी चारचाकी निघाली. मागच्या सीटवर तीस मीटरची टेप, आणि मिन्हच्या खिशात कारखान्यातले स्टिकर. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे काम बाकी, लाल म्हणजे नापास.

पहिला दिवस: सोनईकडे

नगरहून संभाजीनगरच्या रस्त्यानं घोडेगाव, तिथून डावीकडे. पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, कंडक्टरच्या तोंडी अजून नगर आहे. हायवे उत्तम, आतला रस्ता ज्याच्या त्याच्या नशिबावर. घोडेगावला चहा जरूर घ्या, दहा रुपयांत घशाखाली गूळ उतरतो.

सोनईच्या अलीकडच्या एका गावात पाटी होती: 'आशिया खंडातील सर्वात लांब ज्येष्ठ नागरिक कट्टा'. त्यावर सहा ज्येष्ठ नागरिक ऊन घेत बसले होते. त्यांचे पुढारी रंगनाथ अण्णा. टेपचं एक टोक अण्णांनीच धरलं.

"किती भरला?"

"बेचाळीस फूट," मिन्ह म्हणाला. "आमच्या गावाला नदीच्या कडंला हाय, दोनशे फूट."

अण्णांनी डोळे बारीक केले. "त्याच्यावर बसत्यात का?"

"व्हय."

"रोज?"

"रविवारी."

"मंग तो कट्टा न्हाई. ती भित हाय."

मी मान डोलावली. पण मिन्ह टेप गुंडाळायला लागला तसे अण्णा उठले. "गुंडाळू नका. च्या घ्या तवर." चहा येईपर्यंत कट्ट्याच्या टोकाला दोन खाटा लागल्या. चहा संपेपर्यंत शाळेतली बाकं आली. मग एक शिडी आडवी टाकली, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा फाळका. प्रत्येक तुकड्यावर एक म्हातारा नेऊन बसवला, कारण बसल्याशिवाय कट्टा नाही, हा नियम अण्णांनीच नुकताच केला होता. म्हातारे संपले. शेवटी फाळक्याला टेकून एक म्हैस बसलेली होती.

"तिला पन धरा," अण्णा म्हणाले. "जेष्ठच हाय ती."

म्हशीसकट एकशे अठरा फूट. मिन्हनं खाली बसून पुन्हा मोजलं, मग पिवळा स्टिकर लावला.

"पिवळा म्हंजी काय?"

"काम बाकी हाय."

"बराबर," अण्णा समाधानानं म्हणाले. "काम चालूच ऱ्हानार."

दुसरा दिवस: पुणतांबा

रात्र श्रीरामपूरच्या लॉजवर काढली. खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळी सहा ते साडेसहा. या दिवसांत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. त्यांच्यामागे अडकलात तर घाई सोडून द्या आणि राहात्याचे पेरू घ्या. बागेतून थेट आलेला पेरू तिखटमीठ लावून खाल्ला की माणूस कोणाशीही वाद घालत नाही. मीसुद्धा दहा मिनिटं गप्प होतो.

पुणतांब्याला गोदावरीच्या अंगाला एका पत्र्याच्या शेडमध्ये 'आशिया खंडातील सर्वात मोठी कढई' आहे. तिच्या लोकार्पणाला मी दीड तास बोललो होतो. भूक हा माणसाचा सर्वात जुना शत्रू आहे आणि आज या गावानं त्याच्याविरुद्ध ढाल उचलली आहे, असं म्हणालो होतो. आज ती ढाल पालथी पडली होती आणि वर कोणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या.

बाबूराव आचारी भेटले. यांच्या चार पिढ्या पंगतींचा स्वयंपाक करतात.

"हिच्यात काय काय केलं आतापर्यंत?" मी विचारलं.

"काही न्हाई केलं, सर. चुलीवर चढवायला क्रेन लागती."

"मग क्रेन आणा."

"आनली असती. पन क्रेनबरबर चार मानसं येनार, दिवसभर ऱ्हानार. त्यांना जेवाया घालावं लागंल का न्हाई?"

"लागेल."

"मंग तेवढ्यांचा सैपाक करायला कढई लागंल."

"लहान कढईत करा."

बाबूरावांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "इतकी मोठी कढई दारात असताना पाव्हन्याला ल्हान कढईतलं वाढायचं? तुमीच म्हन्ला हुता, सर, की ह्या गावाची इज्जत ह्या कढईत हाय."

म्हणालो होतो. माझ्या वाक्यामुळे सहा वर्षं एक कढई उपाशी होती.

मिन्हनं मिरच्या बाजूला सारून मोजलं. तोंडाला सात फूट दोन इंच. "सर, नागापूरला रंगाची टाकी हाय ना, ती आठ फूट हाय." म्हणजे आशिया खंड राहिला बाजूला, आमची कढई माझ्या घरापासून पाच किलोमीटरवर हरली होती. लाल स्टिकर लागला. बाबूरावांना लाल शुभ वाटला. त्यांनी त्याच्यावर हळदीचं बोट लावलं आणि आम्हाला जेवायला थांबवलं. चार लहान कढयांतलं जेवण होतं, कारण आम्ही क्रेनवाले नव्हतो. वांग्याची भाजी अप्रतिम.

सुनंदाला फोन केला. "एक पिवळा, एक लाल."

"गावी कळवून ठेवू का, दुसरा वक्ता बघा म्हणून?"

"उद्याचा दिवस आहे अजून."

फोन ठेवला. बोलणं गेलं तर माझ्याकडे काय उरतं, हा प्रश्न मी हजार सभांत हजार लोकांना विचारला असेल. स्वतःला विचारायची वेळ पहिल्यांदा आली होती.

तिसरा दिवस: पाथर्डी तालुका

तिसऱ्या फोटोत पाटीसमोर शेळी उभी होती. 'आशिया खंडातील सर्वात' एवढं दिसत होतं, पुढचं शेळीच्या पोटामागे. खाली माझं नाव. त्या गावात मी काय मोठं केलं होतं, काही केल्या आठवेना. टाकी असेल, कमान असेल, असं म्हणत रविवारी नगरला परत येऊन करंजी घाट चढलो. घाट सावकाश चढा. वर गेल्यावर हिरवा रंग संपतो. पाथर्डीच्या अलीकडे फुटलेल्या रस्त्यानं बारा किलोमीटर आत. बरोबर पाणी ठेवा.

गावात माणूस दिसत नव्हतं. बहुतेक घरांना कुलूप. ऊसतोडीला गेलेलं गाव उन्हाळ्याशिवाय परतत नाही. फाट्यावर एक बसथांबा मात्र होता. दगडी, पत्र्याच्या छपराचा, आत एका माणसापुरता ओटा. तो झाडून एक म्हातारी केरसुणीसकट त्यावर टेकली होती, आणि वर पाटी: 'आशिया खंडातील सर्वात छोटा बसथांबा'.

मला सगळं एकदम आठवलं.

नऊ वर्षांपूर्वी मला इथे उद्घाटनाला बोलावलं होतं. हा डबा पाहून माझं डोकं फिरलं. मी माईकवर म्हणालो, आशिया खंडात इतका छोटा बसथांबा नसेल, यात माणूस बसवायचा की टपालाचं पाकीट टाकायचं? गरिबाला सावलीसुद्धा मापून देता? लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी न जेवता निघून गेलो होतो.

"बाई, ही पाटी कोणी लिहिली?"

"माह्या पोरानं. तोडीला जायच्या आधी दरसाली रंग देतो." तिचं नाव गयाबाई. तिनं मला न्याहाळलं. "तुमी त्ये भाषनवाले ना? जेवल्याबिगर गेल्ते."

"इतका लहान का बांधला, हे मी तेव्हा विचारलंच नाही."

"इचारलं असतं तर सांगितलं असतं. समदं गाव तोडीला जातंय. मागं ऱ्हातेत म्हातारे, त्ये कुठं जातेत यष्टीनं? मी एकलीच जाते, गुरवारी, दवाखान्यात. पोरं म्हन्ली, आई एकली हाय तर एकलीपुरतं बांधू, पन दगडाचं बांधू. उरल्याल्या दगडात हिरीचा कठडा झाला." ती जराशी सरकली, म्हणजे सरकायला जागा नव्हती, खांदा हलवला. "तुमी म्हन्लात आशियात असं न्हाई. पोरानं लगीच लिहून काढलं. लई नाव झालं गावाचं."

मिन्हनं वाकून टेप लावली. दोन फूट नऊ इंच रुंद, सव्वादोन फूट खोल. त्यानं गयाबाईंना विचारून स्वतः आत बसून पाहिलं. गुडघे बाहेर आले. तो बराच वेळ तसाच बसून राहिला, बहुधा एकेक करत आशियातले बसथांबे आठवत.

"ह्याच्यापेक्षा छोटा मला ठावं न्हाई," तो म्हणाला. "अजून छोटा केला तर त्यो बसथांबा ऱ्हानार न्हाई."

हिरवा स्टिकर लागला. माईक वाचला. जन्मभर प्रेमानं जे जे बोललो ते खोटं निघालं होतं, आणि रागानं, न विचारता, एका म्हातारीच्या सावलीची थट्टा केली तेवढंच खरं होतं. गयाबाईंनी घरी नेलं. बाजरीची भाकरी, ठेचा, पिठलं. नऊ वर्षांपूर्वीचं राहिलेलं जेवण मी जेवलो.

सोमवार

माझ्या गावी सभामंडपावर पाटी लागली होती. 'आशिया खंडातील' आधीच रंगवलेलं होतं. पुढे कोरी जागा, आणि पेंटर शिडीवर ब्रश घेऊन उभा. सरपंच म्हणाले, "सर, तुमच्या तोंडून पडलं की तो लिहितो."

मी माईक घेतला. समोर सुनंदा, शेजारी मिन्ह. मी म्हणालो, "मी सकाळी येऊन मोजलंय. लांबी चाळीस फूट, रुंदी सत्तावीस. कशासाठी एवढाच, तेही विचारलं. गावात लग्नाला दीडशे पाहुणे येतात, ते मांडी घालून यात बसतात. मंडप पुरेसा आहे." माझ्या आयुष्यातलं ते सर्वात छोटं भाषण. टाळ्या पडल्या नाहीत. मागून एक आवाज आला, "सरांची तब्येत बरी न्हाई वाटतं."

पेंटर शिडीवर अडकला होता. "सर, 'आशिया खंडातील' पुसायला रॉकेल लागंल. पुढं लिहू का, 'एकमेव मोजलेला सभामंडप'?"

सरपंचांचा चेहरा उजळला. माझ्या उत्तरासाठी कोणी थांबलंच नाही. पाटी पूर्ण झाली. मिन्हनं खिशातून तिन्ही रंगांचे स्टिकर काढले, पाटीकडे पाहिलं आणि स्टिकर परत खिशात ठेवले.

घरी येऊन आठवडा झाला. सोनईहून निरोप आहे की कट्टा दीडशे फुटांवर गेला आणि म्हैस आता उठत नाही. मी अजून बोलतो, पण आधी एक प्रश्न विचारतो आणि वाढलेलं जेवून निघतो. तुमच्याकडे एकच दिवस असेल तर कट्टा सोडा, कढईही सोडा, करंजी घाट चढून बसथांब्याला जा. गुरुवार टाळा, त्या दिवशी तो रिकामा नसतो. आणि एकेकट्यानं जा, दोघांना तिथे जागा नाही.