ब्राऊन पेपरची कव्हरं

अमेरिकेत चँडलर गावी मुलीच्या शाळेच्या लायब्ररीत मी आठवड्यातून एकदा मदतीला जायचे. पहिल्याच दिवशी पुण्याच्या सवयीने चित्रांच्या पुस्तकांना ब्राऊन पेपरची कव्हरं घातली, तर मुलांना पुस्तकंच ओळखू येईनात. तरी मला कुणी येऊ नका म्हटलं नाही.

२००८ साली शाळेची लायब्ररी चालू ठेवायला गावातल्यांनी जादा टॅक्स द्यायचा का, यावर मतदान झालं आणि ठराव थोडक्यात पडला. टॅक्स आम्हीही भरायचो, पण ग्रीन कार्डवर मत देता येत नव्हतं. शेजारचे मराठी काका नागरिक झालेले. मत दिलंत ना विचारलं, तर म्हणाले, "अगं, विसरलोच की!" असा संताप आला!

पुढच्या आठवड्यात शाळेने पुस्तकं खोक्यांत भरायला मला बोलावलं. त्या कामाला नागरिकत्व लागत नव्हतं.