वजनानं घेतलेले वूफर

कौतिकभाऊ आणि हबीब मिस्त्री यांची पहिली भेट झाली तेव्हा जळगावात भूकंप झाला, असं निदान कौतिकभाऊ तरी सांगत. मिस्त्रींच्या स्पीकरच्या दुकानावरून ते लुनावर चालले होते आणि आतल्या वूफरनं, म्हणजे जाड आवाजाच्या स्पीकरनं, एकच ‘धुम्म’ केलं. त्यासरशी लुना बंद पडली, खिशातलं पेन उडालं, समोरच्या हातगाडीवरची वांगी गडगडत रस्त्यावर आली आणि कौतिकभाऊंच्या पोटातली कळण्याची भाकरी थेट गळ्याशी आली. ती परत खाली बसेपर्यंत स्पीकरची पेटी घ्यायचं ठरलेलं होतं.

हे १९९२ सालचं. पिंप्राळ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत टेपरेकॉर्डर होता, पण त्यातला तबला म्हणजे कुणीतरी नखानं पत्र्याचा डबा वाजवतंय असं वाटे.

मिस्त्रींनी वूफरचे दोन जोड पुढे ठेवले. “डोळे मिटा आणि ऐका.”

कौतिकभाऊंनी डोळे उघडे ठेवून दोन्ही जोड हातात तोलले. “हा जड आहे. हाच द्या.”

“भाऊ, कानानं घ्यायची वस्तू तुम्ही हातानं घेताय.”

“कान फसतो, मिस्त्री. हात नाही फसत.”

मिस्त्रींनी जड चुंबकाचे दोन वूफर पेटीत बसवून दिले. त्या दिवशी मांडणीवरची पातेली तालात नाचली. “आता कुकरची शिट्टी ऐकू आली तर शपथ,” बायको द्रौपदाबाई म्हणाली. कौतिकभाऊंना ती शाबासकीच वाटली.

आठव्या दिवशी शेजारचा पुना दारात उभा राहिला. “भाऊ, पेटीना आतमा काय शे, देखं का? दुकानात जड दाखवतात आणि पेटीत हलका बसवतात.”

रविवारी कौतिकभाऊंनी दार लावून पेटी खोलली, दोन्ही वूफर पिशवीत घातले आणि किराणावाल्याच्या तराजूवर चढवले. वजन चोख भरलं. घरी येऊन त्यांनी ते परत बसवले, वायरी जोडल्या, आणि धुम्म गेलं. तबला पुन्हा डब्यावर आला.

इथे गप्प बसायचं. पण सोमवारी कौतिकभाऊ दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, “लोक विश्वासानं येतात, मिस्त्री, आणि तुम्ही आठ दिवस टिकणारा माल देता?” पेटी ठरवायला आलेला एक जण तेवढ्यानं उठून गेला.

“पेटी कुणी उघडली होती का?” मिस्त्रींनी विचारलं.

“कोण कशाला उघडेल?”

संध्याकाळी मिस्त्री घरी आले. मागोमाग पुना आणि अर्धी गल्लीही आली. मिस्त्री वायर जोडताना प्रत्येक वूफरच्या एका वायरीला आणि तिच्या टोकाला आपल्या बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका देत. एका वूफरची ठिपक्याची वायर उलट्या टोकाला होती. एक वूफर हवा पुढे ढकली तेव्हा दुसरा मागे ओढी, आणि त्या भांडणात जाड आवाज मरत होता. कौतिकभाऊंना यातलं शास्त्र कळलं नाही, पण ठिपका दिसला. मिस्त्रींनी वर पाहिलं, तेव्हा कौतिकभाऊ खाली बघत होते.

“काय निघालं, मिस्त्री?” पुनानं विचारलं.

“माझीच चूक. वायर उलटी जोडली माझ्याकडून.”

“बघा,” पुना गल्लीला म्हणाला. “मी म्हटलं नव्हतं?”

बोलायचं तर आत्ताच, हे कौतिकभाऊंना कळत होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, “चहा घेता का?” मिस्त्रींनी चहा घेतला. साखर बेताची आहे, छान झालाय, असं द्रौपदाबाईला सांगून ते गेले. शिव्या दिल्या असत्या तर कौतिकभाऊंना त्या रात्री झोप तरी लागली असती.

दुसऱ्या दिवसापासून ते कचेरीत लांबच्या रस्त्यानं जाऊ लागले. आज सांगूच, असं ठरवून कितीदा तरी निघाले, पण दुकानाचं वळण आलं की लुना सरळ जायची. दोष लुनाचाच, दुसरं काय.

९६ साली मिस्त्री दुकान विकून धुळ्याला मुलीकडे राहायला गेले. कौतिकभाऊंना ते दोन महिन्यांनी कळलं. तोवर ते लांबच्याच रस्त्यानं जात होते.