ओटीच्या पदराचं अस्तर

आमच्या घरातल्या कोणालाही विचारा, तो म्हणेल ही गोष्ट आम्हाला पाठ आहे. बरोबरच आहे. गेली सहा वर्षं मी ती प्रत्येक लग्नात सांगत आलेय — रिसेप्शनच्या स्टेजवरून नारळ कसा निसटला, एकेक पायरी कसा उतरला, व्हिडिओवाला कॅमेऱ्यासकट त्याच्या मागे कसा धावला. मी नारळाचा आवाजसुद्धा काढते. लोक डोळे पुसत हसतात. पण त्यातला एक तुकडा मी वगळते. तो नवऱ्याला माहीत नाही, सख्ख्या बहिणीला माहीत नाही. आणि तुकडा म्हणजे खरोखरचाच तुकडा आहे — सव्वा मीटर सॅटिन. माझ्या कपाटात, शालींच्या खाली ठेवलेलं.

कुठून सुरू करू? गाऊनपासून करते, म्हणजे जरा धीर येईल.

प्रणाली माझ्या नणंदेची मुलगी. तिला रिसेप्शनला शालू नको होता, गाऊन हवा होता. माझ्या सासूबाईंना आधी वाटलं, पोरगी स्टेजवर रात्री झोपायच्या कपड्यात बसणार. त्यांना मोबाईलवर फोटो दाखवावे लागले. गाऊन साधाच आणला होता; गळ्याचं मणीकाम, कमरेचा पट्टा, बाह्यांची लेस, केसांतल्या पिना, हातातली छोटी पर्स असं वरचं सगळं घरी करायचं होतं. आणि हे खातं माझं. ब्लाऊजच्या लटकनीपासून जावयाच्या फेट्यापर्यंत आमच्याकडे मॅचिंग म्हणजे मोठी मामी. दुसरं काही मला फारसं येत नाही, पुरणपोळीसुद्धा माझी फुटते, त्यामुळे हे खातं मी जिवापाड सांभाळून होते. ते किती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

रंग होता ऑनियन पिंक. आता आम्ही सायखेड्याची माणसं. कांद्याचा भाव विचारलात तर झोपेतही सांगू. पण कांद्याचा रंग कोणी दुकानात मागेल, असं कधी वाटलं नव्हतं.

मेनरोडवर मॅचिंगच्या दुकानात गेले तेव्हा बरोबर सुलभा होती. सुलभा माझी धाकटी जाऊ. दीर गेले तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती. मी नाशकात फ्लॅटमध्ये, ती सायखेड्यातच राहिली — थोडा भाजीपाला, थोडी शिलाई. गावातल्या निम्म्या नवरीमुलींचे ब्लाऊज तिच्या मशीनवर झालेले. दुकानदार मला गुलाबी लेसचे गठ्ठे दाखवत होता, मी मोबाईल दाखवत होते, काही जमत नव्हतं. तेवढ्यात सुलभाने पिशवीतून कांदा काढला. शेतातला, माती लागलेला. वरचं साल सोललं आणि काउंटरवर ठेवला.

"या आतल्या पापुद्र्याचा द्या," ती म्हणाली. "वरच्याचा नाय."

दुकानदाराने एका फटक्यात बरोबर रीळ काढलं. मग तो फक्त तिच्याशीच बोलत राहिला. पंधरा वर्षांची गिऱ्हाईक मी — मला त्याने बसायला स्टूल दिलं. दुकानात स्टूल कोणाला देतात, सांगायला हवं का? गिऱ्हाइकाबरोबर आलेल्याला.

घरी येईपर्यंत हे मी हसण्यावारी नेलं. खरंच नेलं होतं? माहीत नाही.

मग मुलाकडचा फोन आला. माणसं वणीची. त्यांच्या घरची रीत अशी की नवी सून सासरी निघण्याआधी देवीच्या नावाने तिची ओटी भरायची, तीही सगळ्यांसमोर, स्टेजवर. ओटी पदरात घ्यायची. आणि गाऊनला पदर कुठला असायला? नणंद रडकुंडीला आली. मी म्हटलं, वरून ओढणी घे. प्रणाली म्हणाली, सगळा लूक जाईल. तेव्हा सुलभाने सुचवलं — त्याच रंगाच्या नेटचा पदर करू, आतून सॅटिनचं अस्तर, खांद्याला टिचबटणं. ओटीपुरता लावायचा, झाली की काढायचा.

प्रणालीने तिच्या गळ्यात हात टाकले. "धाकटी मामी, तू ना, ग्रेट आहेस."

मी तिच्या बारशापासून मॅचिंग करत आलेय. मला कधी ग्रेट म्हटलं नव्हतं.

पुढचं मला विशेष सांगायचंय. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात सुलभा ओट्याशी आली. भांडी विसळता विसळता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "ताई, ओटीचा पदर हाय. माझ्या हातचा चालंल ना? मागून कोणी काय बोलायला नको."

आणि मी — मी वाचन करणारी, भाषणं ऐकणारी, सुधारलेली बाई — म्हणाले, "आपल्याकडे असलं कोणी मानत नाही. आणि बोललंच कोणी, तर मी आहे ना."

मी आहे ना. ती हसली होती तेव्हा. निर्धास्त हसली होती.

रिसेप्शनच्या दिवशी दुपारी पदर माझ्याकडे आला, इस्त्री करायला. घरात मी एकटी. हातात घेतला तर अस्तरामुळे जड वाटला. नेट कसं झुळझुळीत पडायला हवं. हे मी स्वतःला सांगितलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं. त्या पदरावर माझं काहीच नव्हतं, हे कारण होतं.

छोट्या कात्रीने मी अस्तर उसवायला बसले. सुलभाने दुहेरी दोरा घातला होता, शिवण इतकी पक्की की मला तासाच्या वर वेळ लागला. कोणी एवढी पक्की शिवण का घालतं, हे मला कळत नव्हतं का? ओटीत काय काय घालतात, ते माहीत नव्हतं का? टाका टाका तोडत होते आणि कळतच होतं. मग काठाला मी मोत्यांची सर लावली. छान दिसत होती, हेही सांगून टाकते.

लॉनवर दोघीतिघींनी विचारलं, हे मोती कोणाचं डोकं? मी म्हटलं, माझं.

अर्ध्या तासाने ओटी भरायला घेतली. तांदूळ, खण, सुपारी, हळकुंड आणि वर देवीचा नारळ, चांगला शेंडीवाला. नेट किती वेळ धरणार? आधी मोत्यांच्या काठाशी फाटलं, मग सरळ उभं फाटत गेलं. नारळ खाली, तांदूळ स्टेजभर. पुढचं मी सांगते ते सगळं खरं आहे — पायऱ्या, व्हिडिओवाला. लोक हसलेसुद्धा. वणीची माणसं मात्र हसली नाहीत. प्रणाली फाटक्या नेटचं टोक धरून तशीच उभी होती.

नवऱ्यामुलाची आत्या, म्हातारी, शांत बाई. तिने मलाच विचारलं. "पदर कोणी शिवला?"

बघा, खोटं बोलायचीही वेळ माझ्यावर आली नाही. मी म्हणाले, "सुलभाने. आमच्या धाकट्या जावेने."

आत्याबाईंनी सुलभाच्या कपाळाकडे पाहिलं. मग अगदी हळू, जणू सुलभाला दुखवायचं नव्हतं, तशा म्हणाल्या, "तरीच. असा हात ओटीच्या कामाला लावू नये, बाई. तुम्ही मोठ्या, तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

मी मान खाली घातली. माझी चूक काय ती एवढीच, की मी फार मोकळ्या मनाची — असा चेहरा केला. नंतर जेवताना एकीने माझी समजूतही घातली: तुमचा हेतू चांगला होता. मी ते ऐकून घेतलं. वर गुलाबजामही घेतला.

सुलभा तेव्हा गुडघ्यांवर बसून तांदूळ गोळा करत होती. आत्याबाईंचं तिने ऐकलं होतं. तिने फाटका पदर उचलला, उलटा केला. काठावरून बोट फिरवलं. तिच्या दुहेरी दोऱ्याची तुटकी टोकं अजून तिथे होती. मग तिने वर पाहिलं — माझ्याकडे. पदराची घडी केली, पिशवीत घातली आणि म्हणाली, "जाऊ द्या ताई. पोरीचे फोटो राहिलेत."

कोणीतरी शालू आणला, गाऊनवर पांघरला, ओटी परत भरली. सुलभा स्टेजवर नव्हती. जेवायलाही थांबली नाही.

त्यानंतर ती लग्नाचं काही शिवत नाही. बोलणं सायखेड्याला तिच्याआधी पोचलं होतं की तिनेच सोडलं, मी कधी विचारलं नाही. आता शाळेचे युनिफॉर्म, साड्यांचं फॉल-पिको, उशांचे अभ्रे. प्रणालीच्या डोहाळजेवणाला ओटीचं ताट बाहेर आलं तशी ती आपणहून उठून आत गेली. कोणी जा म्हटलं नव्हतं. कोणी थांब असंही म्हटलं नाही. मी तिथेच होते.

आणि मी गोष्ट सांगत राहिले. गंमत कशी झाली बघा, मला ती फार चांगली जमून गेली.

गेल्या महिन्यात भाच्याच्या हळदीला पोरं मागे लागली, मोठी मामी, नारळ सांग. मी सांगितला. नेट फाटतं तिथे आले, तर दारात सुलभा, हातात चहाचा ट्रे. सगळे हसेपर्यंत ती उभी राहिली, धक्का लागून कप सांडू नयेत म्हणून. मग आत आली. पहिला कप मला दिला.

"तुमच्यात साखर कमी हाय, ताई."

तो चहा मी प्यायले.

आज अस्तर बाहेर काढलं. रंग अजून तस्साच आहे, आतल्या पापुद्र्याचा. उसवलेल्या टाक्यांची भोकं एका ओळीत दिसतात, एकही तिरकं नाही. त्या दिवशी आत्याबाईंनी विचारलं तेव्हा मला तीनच शब्द बोलायचे होते.

अस्तर मी काढलं.