घराभोवतीच्या फेऱ्या

किस्से साठवायला अख्ख्या परभणीत माझा हात धरणारा कुणी न्हाई! खरं सांगू? साठवत न्हाई, घरात कुणी ऐकून घेत न्हाई म्हणून साचतात. सातवी नापास माणूस, तरी लिहायला बसलो. यातले लय किस्से आमच्या कट्ट्यावरच्या बालाजी टेलरचे.

*

बालाजीनं दुकान वाढवायला राहतं घर पतसंस्थेकडं गहाण टाकलं. रेडिमेडमुळं धंदा बसला, हप्ते थकले, अन् एक दिवस दारावर जप्तीची नोटीस चिकटली. तवापासून गड्याची झोपच उडाली. माझ्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या! मी तोच घालून कट्ट्यावर गेलो. म्हणलं, "लेटेस्ट फॅशन!"

सगळे हसले. बालाजी हसला न्हाई. तवा कळलं, गडी आजारी हाय.

*

डॉक्टरनं बीपीची गोळी दिली अन् सांगितलं, "रोज तासभर चाला." आठ दिवसांनी बघतो तर हा आपल्याच घराभोवती गोल गोल फिरायलाय!

"अरे, रस्त्यानं जा की!"

"जातो. अन् मागं येऊन त्यांनी कुलूप ठोकलं म्हंजे?"

वहिनी दारातूनच म्हणल्या, "इतक्या प्रदक्षिणा पोखर्णीच्या नरसिंहाला घातल्या असत्या, तर एव्हाना देव पावला असता!"

*

मग माझ्या अंगात आलं. बगलेत फाइल, डोळ्यावर जावयाचा गॉगल, तोंडाला रुमाल. दार वाजवून आवाज बदलला, "पतसंस्थेतून आलोय. घर खाली करा!"

बालाजी मटकन खाली बसला. अंगाला दरदरून घाम. माझी पाचावर धारण बसली! ऑटोत घालून दवाखान्यात नेला. डॉक्टरनं आधी त्याचं बीपी पाहिलं, मग माझं तोंड बघून माझंही. म्हणले, "यांना घरी जाऊ द्या. तुम्ही ॲडमिट व्हा!"

*

त्या पापाची फेड म्हणून मी बालाजीसंगं पतसंस्थेत खेटे घालायला लागलो. चौथ्या खेपेला साहेब विरघळले. हप्ता निम्मा, मुदत बारा वर्षं, फक्त एक जामीनदार पाहिजे. मी तिथंच सही ठोकली.

दारावरची नोटीस निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बालाजी पहिल्यांदाच घर मागं सोडून रस्त्यानं फिरायला निघाला. झपाझप! मी मागं, धापा टाकत. चिडवायची खोड काही जाईना.

"बालाजी, बारा वर्षं हप्ते फेडायचेत. तवर जगशील का रे?"

त्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं न्हाई.

"त्याची काळजी आता जामीनदारानं करायची!"