न्हाणीतला दगड

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर आज बातम्या नाहीत. माझा संताप वाचा.

सकाळी पन्हाळ्याला गेलो होतो. तीन दरवाजाजवळ एक गाडीवान गडाचे कोरीव दगड बैलगाडीत भरत होता. मी ओरडलो, "अहो, लाज नाही वाटत? हा गड काय तुमच्या बापाचा आहे?"

तो शांतपणे म्हणाला, "पावणं, संस्थान गेलं, आता इचारतंय कोण? तुमची पेठ कुठली?"

मी सांगितली. तो हसलाच. "तिथल्या निम्म्या न्हाण्यांत माझंच दगड हायती. घरी जावा आन् उलटं करून बघा की!"

अंगाचा तिळपापड झाला. घरी आलो, पहार घेतली आणि न्हाणीतला दगड उलथला.

खाली अख्खं कमळ कोरलेलं!

दोन वर्षांपूर्वी गवंड्याने हा दगड आणला, तेव्हा कुठून आणला म्हणून मी विचारलंच नव्हतं. रोज त्याच्यावर बसून अंघोळ केली, आणि आज दुसऱ्याची लाज काढून आलो!

रविवारी मी हा दगड गडावर परत नेणार आहे. एकट्याला उचलत नाही. आधी आपापल्या न्हाणीतला उलटा करून बघा, आणि मग सांगा, दुसरं टोक कोण धरणार?