त्या पोरीचं पुढे काय झालं

मामाजींनी हात वर केला की मी वाचायची थांबायचे. मशीनला जोडलेला हात नव्हे, दुसरा. खुनी दाराशी आलाय, कडी वाजतेय, आणि नेमका तेव्हाच यांचा हात वर. "बस, बाई. आता शुक्रवारी." दारामागे कोण आहे ते कळायची मलाच जास्त घाई असायची. पण डायलिसिसचा उरलेला वेळ आम्ही दोघं गप्प बसून काढायचो.

मामाजी म्हणजे माझे सासरे. कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात त्यांचं आयुष्य गेलं. किडन्या गेल्यावर मंगळवार-शुक्रवार दारव्ह्याहून यवतमाळ, तेही शेअर जीपमध्ये. नवरा राजूरला कोळसा खाणीत, म्हणून नेणं-आणणं माझ्याकडे. पहिल्याच महिन्यात ते कंटाळले. "हे काय जगनं आहे का?" म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपले. मग मी वाचनालयातून रहस्यकथा आणायला लागले आणि माणूस आपणहून जीपमध्ये बसायला लागला. "मशीनसाठी कोन जाते वो? त्या बाईले जहर कोनं देल्लं, त्याच्यासाठी जातो मी."

वाचनालयातल्या रहस्यकथा संपल्या. तिथल्या मॅडमनी एक जाडजूड कादंबरी हातात ठेवली. बक्षीस मिळालंय, खूप विचार आहे म्हणाल्या. सुरुवात झकास होती. नायकाची धाकटी बहीण भर दुपारी पिशवी घेऊन, कुणाला काही न सांगता घरून निघून जाते. मामाजींचा हात लगेच वर. परतताना जीपमध्ये त्यांचं तेच सुरू, "मावशी असन तिची कुठी. तिथंच गेली असन."

शुक्रवारी पुस्तक उघडलं, तर नायक खिडकीत बसून काळ म्हणजे काय याचा विचार करत होता. मंगळवारी समाजाचा. पुढच्या शुक्रवारी पुन्हा काळाचा. हात वर करावा अशी जागाच येईना. वाचून वाचून माझा घसा सुकायचा, आणि काय वाचलं ते मलाच आठवायचं नाही.

"हा मानूस चा तरी पेते का नाई?" मामाजी म्हणाले. "सख्खी बहीन घरून गेली, अन् हा खिडकीत बसून राह्यला. भाऊ आहे का कोन आहे?" शेजारच्या खाटेवरचा पेशंटही हसला.

मी म्हटलं, दुसरं पुस्तक आणते.

"अन् त्या पोरीले तशीच सोडू?" त्यांनी मान हलवली. "वाच तू. येईन ते पोरगी."

तिच्यासाठी ते येत राहिले. पाय सुजले, जीपची पायरी चढवेना, तरी आले. मी मात्र एकदा पोळ्या झाल्यावर ओट्याशी उभ्यानेच पुढची सगळी पानं चाळली. पोरगी कुठेच नव्हती. लेखक तिला साफ विसरला होता. अजूनही त्या कादंबरीचं नाव ऐकलं की माझं डोकं तडकतं. विचार सुचतात तर सुचोत बापा, पण पोरीला घराबाहेर काढलंस ना, मग तिला कुठेतरी पोचवशील की नाही?

त्या मंगळवारी मामाजींनी चपला घातल्या नाहीत. खाटेवर बसूनच होते. मी पाण्याची बाटली भरत होते.

"बाई, तू तं पुस्तक पुरं पाह्यलं असशीन," ते म्हणाले. "येते का ते पोरगी वापस?"

हो म्हणावं असं फार वाटलं. ते माझ्याकडेच बघत होते. मला नाही जमलं.

"नाही येत, मामाजी."

"मंग होते काय शेवटी?"

"काही नाही. तो विचार करतो."

"कायचा?"

मी बाटलीचं झाकण लावलं. "मरणाचा."

ते हसले. बऱ्याच दिवसांनी मोकळं हसले. "ते तं मले घरी बसूनई करता येते."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. मी दारात गेले आणि ड्रायव्हरला म्हटलं, "जा भाऊ. आमच्या दोन सीटा देऊन टाक कोणाला."